मिष्टी दोई : साखर कोठे कमी करावी व कोठे करू नये

परगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालावयाची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. बंगालात मूल परीक्षेला निघाले म्हणजे आई त्याच्या कपाळी दह्याचा टिळा लावते. दोन्ही प्रांतांनी दही शुभ मानले. जेवणाच्या पानात मात्र त्यास दिलेली जागा अगदी निराळी आहे. मराठी पानात दही भाताला, कोशिंबिरीला, कढीला लागते, आणि त्याचा आंबटपणा हाच त्याचा गुण समजला जातो. ते गोड करावयाचे झाले, तर आधी फडक्यात टांगून त्यातले पाणी काढावे, चक्का करावा, मग साखर घालून तो पुरणयंत्रातून फिरवावा, तेव्हा कोठे श्रीखंड होते. बंगाली गृहिणीस हा सारा द्राविडी प्राणायाम वाटेल. ती साखर दुधातच घालते, दूध आटविते, आणि त्या गोड दुधालाच विरजण लावते. दही लागते तेच मुळी गोड, बदामी रंगाचे, आणि चमच्याने काढले असता त्याची कड तशीच उभी राहील इतके घट्ट. मिष्टी म्हणजे गोड, आणि दोई म्हणजे दही. नावात याहून अधिक काही नाही.

बंगाली मेजवानीत चटणी व पापड झाले, की पान उठण्यापूर्वी हे दही आणि त्यासोबत संदेश किंवा रसगुल्ला येतो. लग्न असो वा श्राद्ध असो, दही नसेल तर भोजन पुरे झाले असे कोणी मानीत नाही. कोलकात्याच्या मिठाईवाल्यांकडे ते मातीच्या लहान बोळक्यांत मिळते. या बोळक्यास तिकडे भाँड म्हणतात. नदिया जिल्ह्यातील नवद्वीप हे गाव तांबूस रंगाच्या ‘लाल दोई’साठी प्रसिद्ध आहे. सीमेपलीकडे बांगलादेशात बोगुरा शहराचे दही इतके नामांकित, की २०२३ साली त्या देशाने त्यास भौगोलिक मानांकन दिले. तेथे ते मातीच्या उथळ परळातही लावतात. फाळणीने प्रांत दुभंगला. दह्याची आवड दोन्ही बाजूंस तशीच राहिली.

या दह्यात साखर असते तरी किती? एक लिटर दूध आटवून त्यात दीडशे ग्रॅम साखर घालणे ही सर्वसाधारण रीत. पुष्कळ ठिकाणी त्याहूनही अधिक घालतात. दूध दोन-तृतीयांश उरेपर्यंत आटविले, तर तयार झालेल्या दह्याच्या शंभर ग्रॅमांत, म्हणजे एका लहान भाँडात, सुमारे अठरा ग्रॅम घातलेली साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सूचनेप्रमाणे वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावेत, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला, तर पाच टक्के म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम साखर. एका भाँडाने त्यातला पाऊण हिस्सा जवळजवळ संपतो. मग सकाळसंध्याकाळचा चहा आणि दह्याशेजारचा रसगुल्ला यांचा हिशेब कोणी कोठे मांडावयाचा?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत भारतातील मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले बंगाली घर डोळ्यांपुढे आणावे. वडील माणसास मधुमेह जडतो. वैद्य पथ्य सांगतात. आणि ज्याने साठ वर्षे जेवणाचा शेवट दह्याने केला, त्याच्या पानासमोरून भाँड उचलले जाते. आरंभी तो मुकाट्याने सोसतो. पुढे सणावाराच्या दिवशी, घरातील मंडळींची पाठ वळताच, एकाच्या ऐवजी दोन भाँडे संपवितो. बंदी आणि चोरी यांच्यामध्ये एक तिसरी वाट असावी, आणि ती स्वयंपाकघरातूनच जावी, या विचाराने हल्ली अनेक घरी कमी साखरेचे दही लावून पाहतात. परंतु बहुधा पहिलाच प्रयत्न फसतो. दही पांचट, आंबट आणि पाणी सुटलेले निघते. आणि घरातील मंडळी ‘पथ्याचा पदार्थ असाच असावयाचा’ म्हणून त्याचा नाद सोडतात. दोष पथ्याचा नसतो. त्या दह्यात साखर कोणकोणती कामे करीत होती, हे न पाहता ती काढून घेतलेली असते.

ती कामे चार आहेत. गोडी आणणे हे पहिले, आणि ते सर्वांस ठाऊक आहे. दुसरे काम रंगाचे व वासाचे. साखर कोरडीच तापविली, तर सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे ती वितळून तांबूस होऊ लागते, आणि तिला भाजल्याचा खमंग, किंचित कडवट वास येतो. मिष्टी दोईचा विशिष्ट स्वाद पुष्कळसा या जळक्या साखरेचा आहे. उरलेला मंद आचेवर दीर्घकाळ आटलेल्या दुधाचा. तिसरे काम दह्याला अंग देण्याचे. दुधात विरघळलेली साखर त्यातले पाणी अडवून धरते, आणि जिभेला दाटपणा जाणवतो.

चौथे काम मात्र डोळ्यांस दिसत नाही, आणि फसलेल्या प्रयत्नांचे मूळ बहुधा तेथेच असते. दही लावणारे जंतू मुख्यतः दोन जातींचे. एकाचे नाव लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस व दुसऱ्याचे स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. ते दुधातील दुग्धशर्करा खातात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने दूध गोठते. वरून घातलेली उसाची साखर त्यांच्या भक्ष्यस्थानी फारशी पडत नाही. ती बहुतांशी जशीच्या तशी दह्यात राहते. म्हणून ‘विरजण साखर खाऊन टाकते, मग दही गोड का बाधावे’ असे जे समाधान काही जण करून घेतात, त्यात तथ्य नाही. पण खाल्ली न गेली तरी ती साखर जंतूंच्या कामात अडथळा आणते. ज्या न्यायाने मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते, त्याच न्यायाने साखरेचे दाट पाणी जंतूंच्या अंगातला ओलावा ओढून घेते, आणि ते मंदावतात. साधे दही पाच-सहा तासांत लागते. भरपूर साखरेचे मिष्टी दोई रात्रभर, कधी त्याहूनही अधिक वेळ घेते. ही दिरंगाई त्या दह्यास पथ्यावर पडते, कारण ते सावकाश लागते आणि फार आंबट होत नाही.

आता साखर दीडशे ग्रॅमांवरून पन्नासावर आणली, तर काय होईल? जंतूंवरचा लगाम सुटेल. दही लवकर लागेल, आणि जुन्या सवयीप्रमाणे ते रात्रभर तसेच ठेवले, तर सकाळपर्यंत चांगलेच आंबट होईल. आंबटपणा वाढला, की असलेली गोडीही जिभेला कमी भासते. म्हणजे साखर एकदा कमी केलेली, आणि राहिली तीही अर्धी झाकली गेलेली! चाखणारा म्हणतो, ‘साखर फारच कमी पडली,’ आणि पुढच्या खेपेस पुन्हा दीडशे ग्रॅम घालतो. वास्तविक कमी करावयास हवा होता तो दही लावण्याचा वेळ. साखर कमी करणाराने घड्याळाकडे लक्ष दिले पाहिजे. या पदार्थाची निम्मी विद्या एवढीच आहे.

दुसरी निम्मी दूध आटविण्यात आहे. साखरेने दिलेले अंग काढून घ्यावयाचे, तर ते दुसरीकडून भरून दिले पाहिजे, आणि ते देण्यास दुधाहून अधिक योग्य काही नाही. गाईच्या दुधात शंभरात सुमारे सत्याऐंशी भाग पाणीच असते. एक लिटर दूध साडेसहाशे मिलिलिटर होईपर्यंत आटविले, म्हणजे त्यातील प्रथिने, स्निग्धांश व दुग्धशर्करा ही सारी दीडपटीने दाट होतात. दुग्धशर्करा उसाच्या साखरेच्या मानाने फारच कमी गोड. तरी आटलेल्या दुधाला स्वतःची म्हणून एक सौम्य गोडी येते, ती बासुंदी करणारांस परिचित आहे. शिवाय दीर्घकाळ तापलेल्या दुधातील निवळीची प्रथिने केसिन नावाच्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, आणि अशा दुधाचे दही पाणी धरून ठेवते. नुसते कोमट करून विरजलेल्या दुधाचे दही पाणी सोडते, याचे कारण हेच होय.

कृती अशी. ताजे, साय न काढलेले गाईचे दूध एक लिटर घ्यावे. म्हशीचे घेतल्यास दही अधिक दाट होते. परंतु त्यात स्निग्धांश जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून एकदा तापवून, थंड करून, वरची साय काढून मग वापरावे. जाड बुडाच्या रुंद पातेल्यात मध्यम आचेवर दूध आटत ठेवावे आणि उलथण्याने तळ खरवडीत राहावे. कडेला धरलेली साय पुन्हा दुधात मोडावी. दूध खाली लागले, तर त्याचा करपट वास कशानेही झाकत नाही. पाऊण ते एक तासात दूध बेताचे आटते.

साखर एकंदर पंचावन्न ग्रॅम. तिचे दोन भाग करावेत. पस्तीस ग्रॅम साखर दूध आटत आले असता त्यात विरघळवावी. उरलेली वीस ग्रॅम एका लहान कोरड्या कढईत मंद आचेवर ठेवावी. ती प्रथम कडेने वितळेल, मग मधासारखी, आणि पुढे कडक चहासारखी दिसेल. येथे क्षणभराचाही उशीर नको. काळी झाली तर टाकून द्यावी व नव्याने करावी. रंग आला की कढई खाली उतरवून, हात व तोंड दूर ठेवून, दोन चमचे कढत पाणी तीत घालावे. पाणी पडताच ते जोराने उसळते आणि त्याचे थेंब भाजतात, यास्तव मुलांना जवळ येऊ देऊ नये. हा पाक दुधात मिसळताच दूध बदामी होते. सगळीच साखर जाळावी असा मोह होईल. परंतु जळताना तिची गोडी घटते व कडवटपणा वाढतो. रंगासाठी व वासासाठी एक-तृतीयांश पुरते.

आता दूध निवू द्यावे. उष्णतामापक असेल तर ४० ते ४२ अंश सेल्सिअस पाहावे. नसेल तर धुतलेली करंगळी दुधात बुडवून सावकाश दहा अंक मोजावेत. चटका न बसता ऊब वाटली, की दूध योग्य झाले. विरजण साध्या, गोडसर, आदल्या दिवशीच्या दह्याचे असावे. घट्ट दही दोन लहान चमचे, वाटीत चांगले फेटून, थोड्या कोमट दुधात कालवून, मग सर्व दुधात मिसळावे. आंबट विरजणाचे दही आंबटच होते, ही गोष्ट येथे नेहमीपेक्षाही अधिक खरी. कारण आंबटपणा झाकावयास आता पूर्वीइतकी साखर नाही.

मातीचे बोळके मिळाल्यास अवश्य घ्यावे, आणि ते केवळ हौसेखातर नव्हे. कच्च्या अंगाची माती दह्यातला ओलावा शोषून घेते. तो बाहेरच्या अंगाने उडून जातो, आणि दही आणखी दाट होते. श्रीखंडाचा चक्का जे काम फडक्याकडून करवून घेतो, त्यातले थोडेसे येथे मडके आपण होऊन करते. नवे बोळके काही तास पाण्यात भिजवून, नीट घासून, उन्हात वाळवून वापरावे. झिलई दिलेले नको. झिलईने छिद्रे बुजतात. बोळके न मिळाल्यास चिनी मातीच्या किंवा काचेच्या वाटीत दही होते, परंतु त्यासाठी दूध थोडे जास्त आटवावे.

बोळकी झाकून, जाड कांबळ्यात गुंडाळून, न हलविता ठेवावीत. उन्हाळ्यात पाचव्या तासापासून पाहू लागावे; थंडीत सात-आठ तास लागतील. बोळके जरासे कलते केले असता वरचा पृष्ठभाग न ओघळता नुसता थरथरला, की तेवढ्याने काम झाले. दूध पुरते आंबट होण्यापूर्वीच घट्ट बसू लागते. अधमुरे दही ज्यांना आवडते त्यांना ही वेळ चांगली ठाऊक आहे. मिष्टी दोईस ती वेळ साधावयाची, आणि लागलीच बोळकी फ्रीजमध्ये हलवावयाची. थंडीने जंतूंचे काम जवळजवळ थांबते, आणि सहा-सात तासांत दही आणखी बसते. वाढण्यापूर्वी मात्र ते पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवावे, कारण फार थंड पदार्थाची गोडी जिभेला नीट कळत नाही. एवढ्या लहान गोष्टीनेही चमचाभर साखर वाचते.

या रीतीने लागलेल्या दह्याच्या शंभर ग्रॅमांत घातलेली साखर साडेसात ग्रॅमांच्या आसपास असते. म्हणजे अठराच्या निम्म्याहूनही कमी. हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उष्मांक मात्र एवढ्या प्रमाणात उतरत नाहीत. साखर गेली तरी तिच्या जागी आटलेल्या दुधाचा अंश वाढतो. शंभर ग्रॅमांमागे सुमारे दीडशे उष्मांकांच्या ठिकाणी एकशेवीस येतात, इतकेच. शिवाय दुग्धशर्करा आहे तशीच दाट झालेली असते. तिचा काही भाग जंतू खातात, बाकीचा रक्तात साखर होऊनच जातो. तेव्हा हे दही पूर्वीच्या दह्याहून निश्चित बरे. पण ते औषध नव्हे, आणि मधुमेही माणसाने एका लहान भाँडापुढे जाऊ नये. तेवढेही चालेल की नाही, हे त्याच्या वैद्यास विचारावे.

येथे गुळाचा विषय हमखास निघतो. बंगालात हिवाळ्यात ‘नोलेन गुड’ येतो. महाराष्ट्रात ज्या झाडाला शिंदी म्हणतात, त्याच जातीच्या खजुरीचा हा गूळ. शिउली नावाचे कसबी लोक थंडीत झाडाच्या शेंड्याशी छेद देऊन रात्रभर मडक्यात रस धरतात आणि पहाटे उतरवून कढवितात. पातळ राहिला तर तो झोला गुड; थापून घट्ट केला तर पाटाली. त्याचा धुरकट, खमंग वास असा काही असतो, की हिवाळ्यातले नोलेन गुडाचे दही खाल्लेला माणूस साखरेच्या दह्याकडे बाकीचे वर्ष जरा नाखुषीनेच पाहतो. परंतु ‘गूळ आहे, म्हणून बाधत नाही’ हे म्हणणे चुकीचे आहे. त्यातला फार मोठा भाग साखरच. क्षार असतात ते अल्प, आणि रक्तातली साखर त्याने जवळजवळ तशीच चढते. गुळाचा खरा उपयोग निराळा. त्याच्या वासाने गोडीचा भास वाढतो, म्हणून पन्नास ग्रॅमांत काम भागते आणि साखर जाळावी लागत नाही. मात्र गुळात थोडे आम्ल असते. उकळत्या दुधात तो टाकला तर दूध फाटण्याचा संभव असतो. दूध खाली उतरवून, वाफ ओसरल्यावर, पाण्यात विरघळवून गाळलेला गूळ घालावा.

कृत्रिम गोडी आणणाऱ्या द्रव्यांविषयी थोडक्यात. त्यांनी गोडी येते. रंग, खमंगपणा आणि अंग येत नाही, व जंतूंवर लगामही राहत नाही. चारांपैकी एकच काम ती करतात. वजन उतरविण्यासाठी या द्रव्यांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना मात्र तो सल्ला उद्देशून नव्हता. अशा माणसासाठी करावयाचे झाल्यास पस्तीस ग्रॅम साखरेच्या जागी ती वापरून, जाळावयाची वीस ग्रॅम तेवढी राखावी. दही ओळखू येईल असे होते.

एक गोष्ट दह्याच्या कीर्तीविषयी. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनीव्हा येथे आपल्या देशच्या दह्यातला जंतू शोधून काढला, आणि पुढे मेच्निकोव या शास्त्रज्ञाने आंबट दुधाने आयुष्य वाढते असे आग्रहाने मांडले. मेच्निकोवला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, दह्यासाठी नव्हे. तरी त्याच्या नावाने दह्याचा डंका जगभर वाजला, आणि अजून वाजतो आहे. दही हितकर खरेच. पण तो महिमा ऐकून साखरेने भरलेल्या भाँडाला आरोग्याचा दाखला देणे योग्य होणार नाही.

शेवटी व्यवहारातल्या दोन सूचना. कमी साखरेचे दही टिकते कमी. दोन-तीन दिवसांत संपवावे, कारण फ्रीजमध्येही ते हळूहळू आंबट होतच राहते. आणि पहिल्याच खेपेस दीडशेवरून पंचावन्नवर उडी घेऊ नये. घरच्या मंडळींच्या जिभेला सवय व्हावी लागते. प्रथम शंभर, मग पंचाहत्तर, मग पंचावन्न असे उतरावे, आणि प्रत्येक उतरणीबरोबर बोळके तासभर आधी उघडून पाहावे.